प्रकाशकाचे वर्ष आणि समीक्षेचा काळ

औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मार्च महिना सरत आला, की कारखान्या-कारखान्यांच्या दप्तरांत वर्षाचा हिशेब पुरा करण्याची धांदल सुरू होते. कच्चा माल किती आला, तयार माल किती रवाना झाला, गुदामात शिल्लक किती राहिली आणि येणे-देणे काय उरले, याचा ताळेबंद एका ठरावीक तारखेस मांडला जातो, आणि त्या कागदावरून कारखान्याचे वर्ष बरे गेले की वाईट, हे जाणत्या माणसास घटकाभरात सांगता येते. जालना मार्गावरील या वसाहतीत २००१ साली मोटारींची जुळणी सुरू झाली, पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या योजनेत शेंद्रा आणि बिडकीन या दोन ठिकाणांना जोडून नवे औद्योगिक नगर वसू लागले, आणि हिशेबाची ही शिस्त या परिसराच्या अंगवळणी पडली. ग्रंथप्रकाशन हाही कायद्याच्या दृष्टीने एक व्यवसायच असल्यामुळे प्रकाशकाचीही रोजकीर्द असते, खतावणी असते, आणि ३१ मार्चला त्यालाही जमाखर्चाची तोंडमिळवणी करावी लागते. परंतु एखाद्या लहान, स्वतंत्र प्रकाशकाने एका वर्षात जी चार-पाच पुस्तके काढली, त्यांच्या योगाने भाषेच्या पदरात काय पडले, हे त्या कागदावरून कधीच कळत नाही. कारण त्याच्या मालाची पारख ज्या समीक्षेच्या हाती असते, तिचे वर्ष बारा महिन्यांचे नसते.

हे नीट समजण्यासाठी लहान प्रकाशकाचे वर्ष प्रत्यक्षात कसे जाते, ते प्रथम पाहिले पाहिजे. हस्तलिखित हाती आल्यापासून पुस्तक बांधून तयार होईपर्यंत संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई आणि बांधणी असे अनेक टप्पे असतात. सोळा पानांचा एक फर्मा याप्रमाणे किती फर्म्यांचे पुस्तक होणार, यावर कागदाचा आणि छपाईचा खर्च ठरतो, आणि आवृत्ती हजार प्रतींची काढावी की त्याहून कमी, हा निर्णय प्रकाशकाला एकही प्रत विकली जाण्यापूर्वी, केवळ आपल्या अंदाजावर आणि हिमतीवर घ्यावा लागतो. छपाईचे बिल ताबडतोब भरावे लागते; विक्रेता मात्र छापील किमतीवर मोठी सूट घेतो आणि पुष्कळदा माल उधारीवर नेतो, म्हणून पुस्तक वाचकाच्या हाती गेल्यावरही त्याचे पैसे प्रकाशकाच्या पेटीत येण्यास महिनेच्या महिने लागतात. मोठ्या संस्थेजवळ जुन्या, खपाऊ पुस्तकांच्या पुनर्मुद्रणांचा आधार असतो, कोणाचा स्वतःचा छापखाना असतो, कोणाची क्रमिक पुस्तके असतात. स्वतंत्र प्रकाशकाजवळ यांपैकी काही नसते, आणि म्हणूनच त्याची निवड हीच त्याची पुंजी असते. ज्या पुस्तकाला बाजारात गिऱ्हाईक आहे की नाही याची खात्री नाही, परंतु जे भाषेत यावयास हवे अशी त्याची खात्री आहे, ते पुस्तक तो काढतो, आणि त्या खात्रीची किंमत स्वतःच्या खिशातून भरतो.

पुस्तक निघाले, की शासनाच्या दप्तरी त्याची नोंद होण्याची व्यवस्था कायद्याने केलेली आहे. १९५४ च्या ग्रंथ-वितरण अधिनियमान्वये प्रत्येक प्रकाशकाने प्रसिद्धीनंतर तीस दिवसांच्या आत आपल्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांस एकेक प्रत, अशा चार प्रती स्वखर्चाने पाठवाव्यात, असा दंडक आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने जिल्ह्यापासून गावापर्यंतच्या ग्रंथालयांना मान्यता, वर्गवारी आणि अनुदान देण्याची पद्धत घालून दिली, आणि या ग्रंथालयांची खरेदी हा लहान प्रकाशकाचा फार मोठा आधार झाला. या दोन्ही तरतुदी मोलाच्या आहेत. एकीमुळे पुस्तक नष्ट होत नाही, दुसरीमुळे ते गावोगाव पोहोचते. तथापि, फडताळात जपून ठेवलेले पुस्तक आणि मनात रुजलेले पुस्तक यांमधील अंतर कोणताही कायदा कापू शकत नाही; ते अंतर वाचकाने आणि समीक्षकाने कापावयाचे असते.

आपल्या नियतकालिकांनी या कामासाठी एक शिडीच उभारलेली आहे. प्रकाशक अभिप्रायार्थ प्रत पाठवितो. संपादक ती मिळाल्याची नोंद ‘साभार पोच’ या शीर्षकाखाली पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत देऊन करतो, आणि असंख्य पुस्तकांचा प्रवास या पहिल्याच पायरीवर संपतो. त्यावरची पायरी परिचयाची, ज्यात पुस्तकात काय आहे एवढेच सांगितलेले असते. तिच्यावरची परीक्षणाची, ज्यात गुणदोषांची चर्चा येते. आणि सर्वांत वरची समीक्षेची, जिथे एखादे पुस्तक वाङ्मयाच्या परंपरेत कोठे बसते, त्याने त्या परंपरेत काय हलविले आणि पुढच्या लेखकासाठी कोणती वाट मोकळी केली, याचा विचार केला जातो. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने ग्रंथपरीक्षणाला मराठीत प्रतिष्ठा दिली, १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने परीक्षणाला वादाची धार आणली, आणि विसाव्या शतकात १९६२ चे ‘आलोचना’ व १९६४ चे ‘ललित’ यांसारख्या मासिकांनी ग्रंथव्यवहाराची दखल हेच आपले मुख्य कार्य मानले. परिचय महिन्यात होतो, परीक्षणाला वर्ष पुरते. समीक्षेला मात्र कित्येकदा एक पिढी लागते. प्रकाशकाचा ताळेबंद आणि समीक्षेचा निवाडा यांची गाठ पडत नाही, ती येथे.

याचे माझ्या समजुतीप्रमाणे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे प्रास प्रकाशन होय. त्याचे कर्ते अशोक शहाणे हे मूळचे लघुनियतकालिकांच्या चळवळीतले; ‘अथर्व’, ‘असो’ यांसारख्या अनियतकालिकांशी त्यांचा निकटचा संबंध होता, आणि १९६३ साली ‘मनोहर’ मासिकात त्यांनी समकालीन मराठी वाङ्मयावर क्ष-किरण टाकणारा जो लेख लिहिला, त्याने त्या वेळच्या साहित्यविश्वात मोठी खळबळ उडविली. प्रस्थापित मासिके आणि प्रतिष्ठित प्रकाशनसंस्था यांच्या अभिरुचीच्या बाहेर जे लिहिले जात होते, त्याला छापण्याची जागा आपणच निर्माण केली पाहिजे, ही त्या पिढीची धारणा होती. कोणी सायक्लोस्टाइल यंत्रावर अंक काढले, कोणी पदरमोड करून कवितासंग्रह छापले. शहाणे यांनी १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह प्रसिद्ध केला. पन्नासच्या दशकापासून ‘शब्द’ आणि त्यानंतरच्या लघुनियतकालिकांतून विखुरलेली कोलटकर यांची मराठी कविता या संग्रहाने प्रथमच एका बांधणीत वाचकांसमोर आली. कोलटकर व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील नामवंत कलादिग्दर्शक असल्यामुळे अक्षर, कोरी जागा आणि मुखपृष्ठ यांविषयी कमालीचे काटेकोर होते. अशा कवीला घाई करणारा प्रकाशक चालला नसता, आणि अशा कवीवाचून ‘प्रास’लाही आजचे स्थान लाभले नसते.

या कवीचा दुसरा हात इंग्रजीत होता. त्यांची ‘जेजुरी’ ही इंग्रजी काव्यमाला १९७६ साली ‘क्लिअरिंग हाउस’ने पुस्तकरूपाने आणली, ही संस्थाही आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर या कवींनी आपापली पुस्तके आपणच काढावीत म्हणून स्थापन केलेली होती. त्या पुस्तकाला १९७७ चे राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळाले आणि कवीचे नाव देशाबाहेर गेले. पण पारितोषिकाने विषय मिटला नाही. भालचंद्र नेमाडे यांनी १९८५ साली इंग्रजीतील भारतीय लेखनाविरुद्ध जो कठोर निबंध लिहिला, त्यात ‘जेजुरी’वर आक्षेप घेतला, की या कवितेतली दृष्टी मुंबईहून सुट्टीच्या दिवशी देवदर्शनास आलेल्या पर्यटकाची आहे, जेजुरीच्या देवस्थानाशी रक्ताचे नाते असणाऱ्या माणसाची नाही. पुढे मेहरोत्रा, अमित चौधरी यांसारख्या लेखकांनी या कवितेची वेगळी उकल केली, तिच्यातील पाहण्याची एकाग्रता हीच तिची श्रद्धा आहे अशा अर्थाचे विवेचन झाले, आणि वाद आजतागायत जिवंत आहे. एका चिमुकल्या संस्थेने काढलेल्या एका सडपातळ पुस्तकाने देवभक्ती, पर्यटन, भाषा आणि आपलेपण यांविषयीचा हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालता ठेवावा, याहून मोठे यश प्रकाशकाने मागावे तरी कोणते?

पहिल्या मराठी संग्रहानंतर मात्र कोलटकर यांचा नवा मराठी संग्रह निघण्यास पाव शतकाहून अधिक काळ लोटला. या अवधीत त्यांनी लिहिणे थांबविले होते असे नाही. वह्यांमागून वह्या भरत होत्या, मुंबईच्या काळा घोडा भागातील वेसाइड इन या उपाहारगृहात मित्रांची दर आठवड्याची बैठक चालू होती, आणि प्रकाशक त्या बैठकीतलाच एक असूनही कवीने ‘आता छापा’ असे म्हणेपर्यंत थांबून होता. मग २००३ साल उजाडले, कवीला असाध्य व्याधीने गाठले, आणि जे पाव शतक थांबले होते ते अल्पावधीत वाचकांपुढे आले. ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’ आणि ‘द्रोण’ ही मराठी, तर ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ ही इंग्रजी, अशी पुस्तके २००३ व २००४ च्या सुमारास ‘प्रास’ने एकामागून एक प्रसिद्ध केली. २५ सप्टेंबर २००४ रोजी कोलटकर पुण्यात निवर्तले. एखाद्या स्वतंत्र प्रकाशकाच्या आयुष्यात याहून समृद्ध आणि याहून कठीण काळ आलेला मला तरी ठाऊक नाही. मित्राचा आजार एकीकडे, त्याच्या आयुष्यभराच्या लेखनाची मुद्रिते दुसरीकडे, आणि दोहोंच्या मध्ये वेळेची भिंत.

या पुस्तकांचा आवाका पाहिला, म्हणजे त्यांची समीक्षा एका वर्षात होणे का अशक्य होते ते कळते. ‘भिजकी वही’ हा जवळजवळ चारशे पृष्ठांचा ग्रंथ जगभरच्या स्त्रियांच्या अश्रूंचा आहे. अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया, ट्रॉयची कॅसँड्रा, तमिळ महाकाव्यातली कण्णगी, रशियन कवीची विधवा नादेज्दा मांडेलश्ताम, व्हिएतनाममध्ये बाँबच्या आगीत होरपळलेली बालिका किम, अशा काळाने आणि भूगोलाने एकमेकींपासून दूर असलेल्या स्त्रिया त्यात एका शोकसूत्रात येतात, आणि पुराण, इतिहास, वृत्तपत्र यांच्यातल्या सीमारेषा पुसून जातात. ‘चिरीमिरी’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. बळवंतबुवा नावाच्या भजनी गृहस्थाभोवती गुंफलेले, समाजाने हीन ठरविलेल्या माणसांची पंढरीची वारी सांगणारे, रांगड्या बोलीतले ते काव्य आहे. ‘द्रोण’ रामकथेकडे वळते, ‘सर्पसत्र’ जनमेजयाच्या यज्ञातील संहाराकडे बळी जाणाऱ्यांच्या बाजूने पाहते, तर काळ्या घोड्यावरच्या कविता रस्त्यावरची माणसे, जनावरे आणि सकाळची न्याहारी यांतून एका शहराचे दर्शन घडवितात. हे सारे एकाच माणसाने लिहिले, एकाच लहान संस्थेने काढले, आणि जवळपास एकाच वेळी मराठी समीक्षकाच्या टेबलावर येऊन पडले. त्याने ‘साभार पोच’ लिहून लेखणी खाली ठेवली असती, तरी त्याला दोष देणे कठीण होते.

आता या पुस्तकांचे स्वागत कसे झाले, त्याचा कालक्रम पाहावा. २००५ साली ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा कवी हयात नव्हता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका ग्रंथमालेने ‘जेजुरी’ अमित चौधरी यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा काढली. २०१० साली इंग्लंडमध्ये मेहरोत्रा यांनी संपादित केलेली कोलटकर यांची संग्रहित इंग्रजी कविता आली. २०१४ साली लेतिसिया झेक्किनी यांचा आणि २०१६ साली अंजली नेर्लेकर यांचा, असे कोलटकर यांच्यावरचे दोन सविस्तर ग्रंथ परदेशांतील प्रकाशनसंस्थांनी प्रसिद्ध केले. नेर्लेकर यांच्या ग्रंथात तर कवीबरोबर त्या काळातील लघुनियतकालिके, लहान प्रकाशने आणि पुस्तकांचे दृश्य रूप यांचाही अभ्यास आहे; म्हणजे कवितेसोबत ती छापणारा प्रकाशकही समीक्षेचा विषय झाला. २००४-०५ च्या मार्चअखेर ‘प्रास’चे खाते कोणी तपासले असते, तर छपाईचा खर्च, विकलेल्या प्रती आणि शिल्लक गठ्ठे यांपलीकडे त्याला काही आढळले नसते, त्या खात्यातली खरी जमा पुढची दहा-बारा वर्षे येतच राहिली, आणि ती अजूनही पुरी आलेली नाही.

ती पुरी आलेली नाही, हे मी शेंद्र्याकडे पाहून म्हणतो. या पुस्तकांविषयी जे विस्तृत लेखन झाले, त्यातील पुष्कळसे इंग्रजीत, विद्यापीठांच्या आवारात आणि इंग्रजी कवितेला मध्यभागी ठेवून झाले. मराठी संग्रहांपैकी ‘चिरीमिरी’सारख्या काव्याला ज्या वाचकाची गरज होती, तो वाचक त्या चर्चेत क्वचितच दिसतो. शेंद्रा कमंगर येथे चैत्रात मांगीरबाबाची जत्रा भरते; गावोगावचे लोक, आणि त्यांत समाजाने युगानुयुगे वेशीबाहेर ठेवलेल्या जातींतली माणसे मोठ्या संख्येने, नवस फेडण्यासाठी येतात; त्या श्रद्धेत वेदना आहे, देवाशी भांडण आहे, लाचारी आहे आणि उत्सवही आहे. ज्याने ही जत्रा लहानपणापासून पाहिली, त्याला बळवंतबुवांच्या वारीतील बेरकीपणा आणि भक्ती यांची सरमिसळ तळटीपेवाचून कळेल; आणि ‘जेजुरी’वरील नेमाड्यांचा आक्षेप बरोबर की चूक, हे ठरविण्याचा अधिकारही, माझ्या मते, अशा वाचकाला इतर कोणाहूनही अधिक आहे. परंतु त्याला कोणी विचारलेले नाही, आणि त्यानेही आपले मत लिहून ठेवलेले नाही. प्रकाशकाने धाडस केले, कवीने आयुष्य वेचले, विद्वानांनी ग्रंथ लिहिले. या साखळीतील जी कडी आमच्या वाट्याची होती, ती तेवढी सुटलेली आहे.

हे काम आपल्या भागातील लोकांच्या कुवतीबाहेरचे आहे, असे कोणी म्हणेल, तर त्याला औरंगाबाद शहराचा अलीकडचा इतिहास ठाऊक नाही असेच म्हटले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. राज्यकारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणही उर्दूत, आणि सभासंमेलनांवर सरकारी परवानगीची कडक नजर, अशा स्थितीत १९४३ साली मराठवाडा साहित्य परिषदेची स्थापना झाली, आणि मुक्तीनंतर तिच्या ‘प्रतिष्ठान’ मासिकाने या भागातील लेखकांना हक्काचे व्यासपीठ दिले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले, आणि ज्या घराण्यांत अक्षरओळख नव्हती त्या घराण्यांतली पहिली पिढी नागसेनवनाच्या, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाच्या, आवारात वाचू-लिहू लागली. त्या पिढीच्या लेखनाला मुंबई-पुण्याच्या मासिकांचे निकष पुरणार नाहीत, हे ओळखून १९६७-६८ च्या सुमारास डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ सुरू केले आणि दलित साहित्याची निर्मिती व तिची समीक्षा एकाच त्रैमासिकातून, एकाच वेळी वाढविली. नागसेनवनात अध्यापन करणारे प्र. ई. सोनकांबळे यांच्या आठवणी प्रथम नियतकालिकांतून आल्या आणि १९७९ साली ‘आठवणींचे पक्षी’ या नावाने औरंगाबादच्याच चेतना प्रकाशनाने पुस्तकरूपाने काढल्या. त्याच्या आगेमागे मुंबईत ‘ग्रंथाली’ या वाचक-चळवळीने १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध केले. ‘उपरा’ला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि दलित व भटक्या समाजांतील आत्मकथने हा मराठी वाङ्मयाचा एक प्रमुख प्रवाह म्हणून मान्य झाला. ही पुस्तके काढण्यास मोठ्या भांडवलाची नव्हे, तर निवडीच्या हिमतीची गरज होती. आणि ती समजून घेण्यास जी समीक्षा लागली, तिचा फार मोठा हिस्सा याच शहरात लिहिला गेला.

दुसरा दाखला खुद्द समीक्षेच्या पुस्तकाचा आहे. ‘वाचा’ हे लघुनियतकालिक आणि त्याच नावाचे प्रकाशन औरंगाबादचे; नेमाडे यांचा ‘मेलडी’ हा कवितासंग्रह १९७० साली त्या प्रकाशनाने काढला. पुढे नेमाडे मराठवाडा विद्यापीठात अध्यापक झाले, आणि त्यांच्या समीक्षालेखनाचा ‘टीकास्वयंवर’ हा बृहद्‌ग्रंथ १९९० साली, लेखक-प्रकाशक बाबा भांड यांच्या औरंगाबाद येथील ‘साकेत’ प्रकाशनाने प्रसिद्ध केला. समीक्षेच्या पुस्तकाला गिऱ्हाईक नसते, हा ग्रंथव्यवहारातला जुना समज. तरीही हा ग्रंथ जिल्ह्याच्या गावातून निघाला, १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला लाभला, आणि त्यातील देशीवादाच्या, म्हणजे साहित्य आपल्याच भाषेच्या व भूमीच्या परंपरेत रुजलेले असावे या, भूमिकेने पुढे कित्येक वर्षे मराठी लेखकांना बाजू घेण्यास भाग पाडले. त्या भूमिकेशी सहमत असलेच पाहिजे असे नाही. मी स्वतः तिच्यातील काही निष्कर्ष मानीत नाही. परंतु कादंबरी, कविता, शैली आणि संस्कृती यांविषयी मुंबई-पुण्याबाहेरच्या एका शहरातून, त्याच शहरातील प्रकाशकाच्या पाठबळावर, अखिल मराठी वाङ्मयाला आव्हान देता येते, हे या पुस्तकाने सिद्ध केले, आणि ती सिद्धी पुसता येण्यासारखी नाही.

आजच्या परिस्थितीकडे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे. १९८२ साली ‘सत्यकथा’ हे मासिक बंद पडले, त्यानंतर एकामागून एक वाङ्मयीन मासिके थांबली वा क्षीण झाली, वृत्तपत्रांच्या रविवार-पुरवण्यांत पुस्तकांच्या परीक्षणाला पूर्वीइतकी जागा राहिलेली नाही, आणि ती पोकळी पुरस्कारांनी, प्रकाशनसमारंभांतील भाषणांनी आणि खपाच्या जाहिरातींनी भरून काढण्याचा प्रयत्न होतो. पुरस्कार हा निर्णय असतो, पण त्याची कारणे वाचकाला सांगितली जात नाहीत. समारंभातील भाषण हे शुभेच्छा असते, आणि शुभेच्छेत दोष दाखविणे अशिष्ट ठरते. खपाचा आकडा किती जणांनी विकत घेतले हे सांगतो, किती जणांनी कसे वाचले हे सांगत नाही. छपाईचे तंत्र सुलभ झाल्यामुळे थोड्या प्रतींची आवृत्तीही आता काढता येते, नवनवे प्रकाशक पुढे येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पुस्तके वाढत आहेत आणि त्यांच्याविषयीचे साधार, सकारण, निर्भीड लेखन घटत आहे, ही स्थिती लहान प्रकाशकाला सर्वांत घातक आहे. मोठ्या प्रकाशकाचे पुस्तक जाहिरातीच्या बळावर तग धरू शकते. स्वतंत्र प्रकाशकाच्या पुस्तकाला समीक्षेवाचून दुसरा त्राता नाही, आणि कठोर परीक्षणसुद्धा त्याला मौनापेक्षा शतपटीने हितकारक असते.

म्हणून मला येथे एक सूचना करावीशी वाटते. आपण परीक्षण करतो ते सुट्या पुस्तकाचे. एका प्रकाशकाच्या संबंध वर्षाचे परीक्षण करण्याचा प्रघात आपल्याकडे जवळजवळ नाहीच. एखाद्या लहान प्रकाशकाने वर्षभरात काढलेली पाच-सहा पुस्तके एकत्र वाचली, म्हणजे त्याची दृष्टी कोणती, त्याने कोणत्या लेखकाची वाट पाहिली, कोणता विषय धरून ठेवला, कोठे संपादन कमी पडले, मुद्रितशोधनात किती हयगय झाली, आणि ज्या पुस्तकाला प्रसिद्धी मिळाली त्याच्या शेजारी कोणते अधिक मोलाचे पुस्तक झाकोळून गेले, हे सारे दिसू लागते. असे परीक्षण एकदा त्या वर्षाच्या अखेरीस आणि पुन्हा पाच वर्षांनी करावे, म्हणजे पहिल्या वाचनातील घाई दुसऱ्या वाचनात दुरुस्त होईल. हे काम विद्यापीठांच्या विभागांनी करावेच, पण ते केवळ त्यांच्यावर सोडू नये. १९६७ च्या कायद्याने मान्यता आणि अनुदान मिळणारी जी ग्रंथालये तालुक्या-तालुक्यांत उभी आहेत, त्यांतील प्रत्येकाने वर्षाला एक प्रकाशक निवडावा, त्याची नवी पुस्तके मागवावीत, सभासदांमध्ये वाटून वाचावीत, आणि चर्चेचे टाचण चार पानांत का होईना, लिहून नियतकालिकाकडे धाडावे. शेंद्र्याच्या कारखान्यांत जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांतून आलेले हजारो तरुण काम करतात. त्यांतील अनेकांच्या घरी पुस्तक विकत घेणारे तेच पहिले आहेत, आणि शेती, दुष्काळ, स्थलांतर, पाळीचे काम व भाड्याची खोली यांचा जो अनुभव आजच्या मराठी साहित्यात येऊ पाहत आहे, त्याची सत्यता तपासण्याची साधने त्यांच्याजवळ जितकी आहेत, तितकी ग्रंथसंग्रहालयात बसलेल्या पंडिताजवळ नाहीत.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आपण उचितच अभिमान बाळगतो. मात्र अभिजातता ही सनदेने मिळत असली, तरी ती टिकते ती नव्या पुस्तकांच्या कसून केलेल्या वाचनाने. स्वतंत्र प्रकाशक आपले कर्तव्य बजावीत आला आहे: शहाणे यांनी मित्राच्या कवितेसाठी पाव शतक धीर धरला, पानतावणे यांनी एका दडपलेल्या अनुभवाला लेखक आणि समीक्षक दोन्ही मिळवून दिले, ‘चेतना’ने आणि ‘साकेत’ने जिल्ह्याच्या गावातून पुस्तके काढून ती देशभर वाचली जातील असे धाडस केले. या लोकांनी आपल्या वर्षाचा हिशेब वाचकावर विश्वास ठेवून उधारीवर मांडला. ती उधारी फेडण्याचे उत्तरदायित्व आपले आहे. आणि ती पुस्तक विकत घेण्याने अंशतः, पण ते वाचून त्याविषयी आपले सकारण मत निर्भयपणे लिहिण्यानेच पूर्णतः फिटते.